विमलची डुलकी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. देवापुढेही बोलले नाही — देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात, मग त्याला काय सांगायचं? माझे कान गेले, गुडघे गेले. डोकं तेवढं शाबूत आहे, आणि खरी अडचण तीच आहे. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला सांगायला जास्त धीर लागतो. तेवढा माझ्यात कधी नव्हता.

गोष्ट विमलची आहे. विमल आमची आमदार होती, एकदाच. पण त्याच्या कितीतरी आधी ती माझ्या वर्गात होती. निफाडच्या पलीकडे आमचं गाव, तिथल्या शाळेत आम्ही दोघी चौथीपर्यंत एका बस्करावर बसलो. चौथीत माझा पहिला नंबर आला आणि तिचा दुसरा. ही बढाई नाही, हे पुढे लागणार आहे म्हणून सांगते. गणितं ती माझ्या पाटीवरून उतरवायची. चौथीनंतर मला घरी बसवलं — पाठची भावंडं सांभाळायला कोणीतरी हवं होतं. विमलच्या वडलांनी तिला नाशिकला बोर्डिंगात ठेवलं. ती शिकली, मास्तरीण झाली, जिल्हा परिषदेवर गेली आणि एका निवडणुकीत आमदार झाली. मला गावातल्या गावात दिली. मी द्राक्षाच्या बागेत राबले आणि पोरं वाढवली.

आता तुम्हीच सांगा — तुमच्या पाटीवरून गणितं उतरवणारी पोर आमदार झाली तर काय वाटेल? आनंद? मलाही झाला. खोटा नव्हता तो. तिच्या प्रचाराला मी उन्हातान्हात फिरले. पण भाकरी थापताना एक विचार यायचा, की मला शाळेतून काढलं नसतं तर ती जागा माझीच होती. हा विचार मी वर्षानुवर्षं पोसला. इतका, की तो मला विचार वाटेनासा झाला. खरंच वाटायला लागला.

आमच्या गावात सरकारने आरोग्य उपकेंद्र बांधलं होतं. दोन खोल्या, वर पत्रा, बाहेर पाटी. नर्स नेमलेली होती, पण ती राहायची निफाडला, कारण तिच्या खोल्यांत सोसायटीच्या खताच्या गोण्या रचलेल्या. सोसायटीचे चेअरमन गावातलं बडं प्रस्थ. त्यांना कोण म्हणणार गोण्या हलवा? माझ्या शेजारच्या गोदाक्काची सून, रंजना, पहिलटकरीण. तिला कळा लागल्या तेव्हा बैलगाडीत घालून निफाडला न्यायला निघाले. पोचली नाही. तीही गेली आणि बाळही गेलं. गाडी परत आली तेव्हा उपकेंद्रावरूनच आली, दुसरा रस्ताच नाही.

आम्ही बायका विमलकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "अरेरे" म्हणाली नाही. ते गोदाक्काला आवडलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "विधानसभेत प्रश्न लावते. पण एका तासात सगळ्यांचे प्रश्न असतात, आपला येईल की नाही ते मी सांगू शकत नाही. आला तर मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागेल." बायकांना हे काही पटलं नाही. पुढारी काय, इथे एक बोलतात आणि मुंबईत दुसरंच. मग ठरलं की आपल्यातली एक तिकडे जाईल आणि डोळ्यांनी बघून येईल. वाचता येणारी मीच होते. मी गेले.

विमलबरोबरच गाडीने गेले आणि आमदार निवासात तिच्या खोलीत उतरले. तिने मला पलंग दिला आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपली. सकाळी मी नेलेली भाकरी आणि ठेचा तिने खिडकीत उभं राहून खाल्ला. मी तिला म्हटलं, "विमल, असं बोल — नर्स कागदावर आहे, अन् कागदाला नाळ कापता येत नाय." हे वाक्य मी गाडीत बसल्या बसल्या जुळवलं होतं. मला ते फार आवडलं होतं. खरं सांगते, तिने ते त्या सभागृहात बोलावं आणि सगळ्यांनी बाकं वाजवावीत, असं चित्र मी मनात पाहिलं होतं. ती हसली आणि "बघते" म्हणाली.

विधानसभेची इमारत तेव्हा नवी होती. पायाखाली गालिचा, मला चप्पल काढावीशी वाटली. पिशवी बाहेर ठेवून घेतली. वर गॅलरीत बसवलं आणि शिपायाने नियम सांगितले — टाळी वाजवायची नाही, बोट दाखवायचं नाही, कठड्यावर रेलायचं नाही, बोलायचं नाही. थोडक्यात देवळात बसतात तसं बसायचं. पण खाली देवळासारखं काही नव्हतं. एक उठून साखर कारखान्याचं बोलतो आहे, त्याच्यावर दुसरा ओरडतो आहे, तिसरा मागे वळून सुपारी मागतो आहे. अध्यक्ष वर उंचावर बसून नंबर पुकारत होते. ज्याचा नंबर त्याने उठायचं. जागेवर नसेल तर त्याचा प्रश्न गेला, पुढचा नंबर.

विमल मागच्या बाकावर होती. आधीच ठेंगणी, त्यात जाड भिंगाचा चष्मा, हिरव्या काठाची साधी साडी. एका प्रश्नावर इतका गोंधळ झाला की मला वाटलं, आता आमचा येत नाही. मी खाली बघते, तर ही शांत. तिने ना ओरडणाऱ्यांकडे पाहिलं ना घड्याळाकडे. बाजारात गर्दीत उभी राहून आपल्या एसटीची वाट बघणारी बाई असते, तशी बसली होती.

आणि आमचा नंबर आला.

मंत्र्यांनी वाचून दाखवलं. उपकेंद्रात नर्स नाही हे खरे आहे काय? हे खरे नाही, पद भरलेले आहे. असल्यास, नर्स नेमण्याबाबत कोणती कार्यवाही केली? प्रश्न उद्भवत नाही. झालं. एवढ्यावर मिटलं. माझ्या अंगाची लाही झाली. मी तिथे असते तर? ओरडले असते. माझं ते नाळेचं वाक्य तोंडावर फेकलं असतं.

विमल उभी राहिली. तिचा आवाज बारीक, गावात सभेत मागच्याला ऐकू जायचा नाही. म्हणाली, "अध्यक्ष महाराज, पद भरलेलं आहे हे ऐकून आनंद झाला. या नर्सबाईंनी गेल्या वर्षात त्या उपकेंद्रात किती बाळंतपणं केली, तेवढं मंत्रिमहोदयांनी सांगावं." बस. एवढंच. मंत्र्यांनी कागद उलटले. बाजूला साहेब लोक बसले होते, तिथून चिठ्ठी आली. ती वाचून मंत्री म्हणाले की माहिती उपलब्ध नाही. "माझ्याकडे आहे," विमल म्हणाली, "एकही नाही. कारण त्या खोल्यांत खताच्या गोण्या आहेत. त्या कोणाच्या, हे मी विचारत नाही. त्या कधी निघणार आणि नर्सबाई तिथे राहायला कधी जाणार, एवढी तारीख द्यावी." मध्ये आणखी एक वाक्य ती बोलली. ते मी शेवटी सांगते — आत्ता नाही सांगवत. मंत्री म्हणाले, महिन्याच्या आत. अध्यक्षांनी पुढचा नंबर पुकारला. विमल बसली.

कोणी बाकं वाजवली नाहीत. पुढच्या रांगेतल्या निम्म्या लोकांना काही घडलं हेही कळलं नसेल. पण मला कळलं होतं. हिशेबात मी कच्ची नव्हते. मोठ्या हुद्द्याच्या माणसाला तिने दोन साध्या वाक्यांत अशा जागी नेऊन उभं केलं, की त्याला "हो" म्हणण्यावाचून वाटच राहिली नाही. ना आवाज चढवला, ना कोणाचा अपमान केला. चेअरमनचं नाव घेतलं असतं तर चेअरमनच्या माणसांनी दंगा केला असता आणि नर्सचं राहून गेलं असतं. हे तिला माहीत होतं. मला नव्हतं.

दुपारी कँटीनमध्ये मी विचारलं, माझं वाक्य का नाही घातलंस? ती म्हणाली, "हौशे, वाक्य लय भारी होतं. पण ते ऐकून सगळे हसले असते, नाहीतर वाहवा केली असती, अन् त्या हशात मंत्री सुटला असता." आणि माझ्या ताटात आपली भजी टाकली.

तेव्हा माझ्या आत काय झालं ते सांगायलाच हे लिहिते आहे. मला कळलं की ती जागा माझी नव्हती. मला शाळेतून काढलं नसतं तरी नव्हती. मी तिथे असते तर टाळ्या घेतल्या असत्या आणि नर्स निफाडलाच राहिली असती. इतकी वर्षं उराशी धरलेलं एक समाधान होतं, ते त्या भज्यांच्या ताटावर गेलं. विमलचं मला इतकं कौतुक वाटलं — इतकं, की ते गिळता येईना.

दुपारनंतर सभागृह ओसाड पडलं. कसले कसले अहवाल ठेवले, कुठल्याशा कायद्याचं एकेक कलम वाचायला घेतलं. माणसं कमी पडली म्हणून घंटा वाजत राहिली, तेव्हा कुठे चार जण आत आले. विमल उठलीच नव्हती. कलम वाचलं की ती आपल्या कागदावर बघायची, खूण करायची, पुढचं ऐकायची. कोणी बघत नसताना, पेपरात येणार नसताना, ती तो कायदा ऐकत होती. माझा मात्र डोळा लागला. मान कलली. शिपायाने खांद्याला बोट लावून उठवलं — "आजी, इथं झोपायचं नाही." तेव्हा मी आजी नव्हते. त्याचाही राग आला.

गावी आले. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर सगळ्या जमल्या. गिरणी थांबवली, माझ्यासाठी. माझी जाऊ म्हणाली, "मग वं, दणाणलं का सभागृह?"

मी म्हटलं, "कसलं दणाणतंय? बसून व्हती नुसती. दुपारी तर डुलक्या काढत व्हती. शिपायानं उठवलं."

असं आपोआप तोंडातून गेलं म्हणावं का? नाही. मी ते ठरवून बोलले. शिपायासकट बोलले. माझी डुलकी तिला देऊन टाकली. बायका पोट धरून हसल्या. जावेने तर पिठाच्या डब्यावर मान टाकून घोरून दाखवलं. गोदाक्का तेवढी हसली नाही.

पुढे गोण्या हलल्या. नर्स ट्रंक घेऊन आली, चांगली होती, माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण तिनेच केलं. गोण्या हलवणाऱ्या चेअरमननीच उपकेंद्राच्या दारात नारळ फोडला आणि आपल्या प्रयत्नांना यश आलं असं भाषण केलं. लोकांनी मानलं. का नाही मानणार? आमदारबाई तर झोपली होती, हौसाबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. चेअरमनची भीती वाटली असं म्हटलं तर सोपं होईल. भीती वाटली नव्हती. आमच्या घराचं त्यांच्यावाचून काही अडलेलं नव्हतं.

निवडणूक आली तेव्हा माझी डुलकी साऱ्या तालुक्यात पोचली होती. विरोधकांच्या जीपवर एक माणूस लुगडं नेसून, चष्मा लावून, उशीवर डोकं ठेवून पडलेला असायचा. पोरं मागे धावायची — "विमलताई, उठा, सकाळ झाली." मी तो दारातून पाहिला. हसू आलं मला. हेही लिहिलं पाहिजे.

विमल प्रचाराला आमच्या घरी आली. पाणी प्यायली. बरोबरच्यांना बाहेर थांबवलं आणि म्हणाली, "हौशे, तू होतीस ना तिथं?"

"व्हते की."

"मग चार बायकांना सांग ना, काय पाहिलंस ते. तुझं ऐकतील."

मी म्हटलं, "बघते." तिने मला आमदार निवासात म्हटलं होतं तसंच. फरक एवढा, की तिने खरंच बघितलं होतं. मी चुलीपुढे जाऊन बसले. तालुकाभर ती एकटी फिरली, त्या बारीक आवाजात केलेली कामं सांगत राहिली, आणि पडली. पुन्हा उभी राहिली नाही. कोणी तिकीटच दिलं नाही. झोपणारी बाई कोणाला हवी? पुढच्या वर्षांत आमच्या भागात काय काय व्हायचं राहिलं, ते मोजायची माझी लायकी नाही.

ती मुलाबरोबर नाशिकला, गंगापूर रोडला राहायला गेली. मी इकडेच. लग्नाकार्यात भेट व्हायची, ती माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची. शेवटी ती आजारी आहे कळल्यावर गेले भेटायला. पलंगावर बसली होती, शेजारणीचा पेन्शनचा अर्ज भरून देत होती. मला पाहून चष्मा काढला, पुसला. म्हातारपणाच्या गप्पा निघाल्या — शाळा, गुरुजी, पाटी. मग ती एकदम हसायला लागली. म्हणाली, "हौशे, त्या दिवशी गॅलरीत तू काय झोपली होतीस गं. मान अशी कठड्यावर. त्या शिपायानं तुला उठवलं ना, खालून सगळं दिसत होतं. मला हसू आवरेना, तोंडाला पदर लावला."

तुमच्या लक्षात आलं ना? ती आमच्या घरी पाणी प्यायला आली, "तू होतीस ना तिथं" म्हणाली, तेव्हाच तिला ठाऊक होतं ती डुलकी कोणाची. माझ्या गोष्टीतला शिपाईसुद्धा तिने ओळखला असणार. तरी तिने मला पकडलं नाही. मंत्र्याला विचारला होता तसाच साधा प्रश्न विचारला आणि उत्तराची जागा मोकळी ठेवली. मंत्र्याने निदान तारीख दिली होती.

तिने सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं, आणि तो अर्ज पुरा करायला घेतला. मी चहा पिऊन निघाले. महिन्याने ती गेल्याचा निरोप आला.

आता ते राहिलेलं.

गिरणीवर सगळ्या पांगल्यावर गोदाक्का माझ्यामागे आली. डोक्यावर पिठाचा डबा, तो तिने खाली ठेवला. म्हणाली, "हौसा, आमच्या रंजीचं नाव तरी घेतलं का गं तिनं?"

मी म्हटलं, "नाय."

तिने डबा उचलला आणि गेली. पुढे विमलचं नाव निघालं की ती उठून जायची. अशीच वर्षं काढली आणि तशीच वारली.

विमलने नाव घेतलं होतं. गोण्यांचं बोलून झाल्यावर, तारीख मागायच्या आधी ती थांबली. तिने रंजनाचं पूर्ण नाव घेतलं — तिचं, नवऱ्याचं, आडनावासकट — आणि म्हणाली की ही मुलगी आणि तिचं बाळ या कुलूपबंद खोल्यांसमोरून गाडीत गेलं, याची सभागृहाने नोंद घ्यावी. सावकाश बोलली. खाली बसून लिहून घेणारे होते, त्यांच्याकडे बघत बोलली, म्हणजे एक अक्षर चुकू नये.

ते मी ऐकलं. तेव्हा मी जागी होते.